पैसे तुमचे, कुलूप कंपनीचं

जामुलमध्ये राहून मराठी पुस्तक हवं असेल तर नागपूरहून येणाऱ्या पाहुण्याला निरोप धाडावा लागायचा. डिसेंबर 2016मध्ये किंडलवर मराठी पुस्तकं आली आणि हा खटाटोप बराच कमी झाला. पण कागदी पुस्तक वाचून झालं की तुम्ही ते जाऊबाईंना देता, तसं ई-पुस्तक देता येतं का?

बहुतेक ई-पुस्तकांना डीआरएम नावाचं डिजिटल कुलूप असतं आणि त्याची किल्ली तुमच्या खात्याशी जोडलेली असते. म्हणून फाइल पाठवली तरी जाऊबाईंच्या फोनवर ती उघडत नाही. जुलै 2009मध्ये तर अमेझॉनने जॉर्ज ऑरवेलची '1984' आणि 'अ‍ॅनिमल फार्म' ही पुस्तकं ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर काढून घेतली. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते, पैसेही परत मिळाले, कंपनीने माफी मागितली. तरी घरात शिरून कपाटातलं पुस्तक नेण्यासारखंच ना हे? फेब्रुवारी 2025पासून किंडलची पुस्तकं संकेतस्थळावरून कॉम्प्युटरवर उतरवून ठेवण्याची सोयही गेली.

आपल्याकडे 2012च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात 65ए कलम आलं. हक्कभंगाच्या हेतूने असं कुलूप तोडल्यास 2 वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. चोरून वाचणाऱ्याला फुकटची पीडीएफ मिळतेच. अडतो तो पैसे मोजणारा.

काही प्रकाशक कुलूप न लावता पुस्तक विकतात. पुस्तकाच्या माहितीत तसं लिहिलेलं असतं, खरेदीआधी जरूर पाहा. मुलांसाठी जपून ठेवायचं पुस्तक मात्र कागदीच घ्या. आणि हो, खातं ज्या मोबाइल नंबरवर आहे, तो बंद पडू देऊ नका.