भूलतज्ज्ञाची तोंडी परीक्षा

ऑपरेशन ठरले की सर्जन कोण, त्यांचा हात कसा आहे, याची चौकशी घरातले दहा जण करतात. भूल कोण देणार हे बहुधा आदल्या संध्याकाळी कळते, आणि त्या डॉक्टरने टेबलाच्या डोक्याशी उभे राहण्याचा अधिकार कोणत्या परीक्षा देऊन मिळवला हे तर कोणीच विचारत नाही. खरे तर विचारण्यासारखी गोष्ट आहे. या परीक्षेचा एक मोठा भाग परंपरेने तोंडी होत आला आहे. समोर परीक्षक बसतात, एका उत्तरातून पुढचा प्रश्न काढतात आणि उमेदवाराला विचार करायला फार तर काही सेकंद मिळतात. संगणकावर तपासता येणाऱ्या प्रश्नपत्रिकांच्या काळात ही पद्धत जुनाट, खर्चिक आणि अन्यायकारक असल्याची तक्रार वाढते आहे. तक्रारीत तथ्य आहे. तरीही भूलशास्त्रात तोंडी परीक्षा हाच सगळ्या परीक्षेचा गाभा आहे आणि तयारी करणाऱ्या डॉक्टरने वाचनाइतकाच वेळ मोठ्याने उत्तरे देण्यात घालवला पाहिजे, असे माझे मत आहे.

ब्रिटनमधली पद्धत उदाहरणादाखल घेऊ, कारण या विषयाच्या परीक्षांची परंपरा तिथे जुनी आहे. १९३५ साली तिथे भूलशास्त्राची पदविका परीक्षा सुरू झाली. १९४८ साली सर्जनांच्या रॉयल कॉलेजात भूलतज्ज्ञांची स्वतंत्र शाखा निघाली, आणि आज रॉयल कॉलेज ऑफ अ‍ॅनेस्थेटिस्ट्स 'एफआरसीए' ही परीक्षा घेते. सात वर्षांच्या प्रशिक्षणातल्या पहिल्या टप्प्यात 'प्रायमरी' आणि मधल्या टप्प्यात 'फायनल' पार करावी लागते. प्रायमरीत शरीरक्रियाशास्त्र, औषधशास्त्र आणि भौतिकशास्त्र यांवर मोठा भर असतो. आपल्याकडे एमडीच्या तीन वर्षांचा हिशेब शेवटी एकदमच होतो: आधी थेसिस, मग चार पेपर, आणि त्यानंतर लाँग केस, शॉर्ट केस आणि औषधे, उपकरणे, एक्स-रे, ईसीजी अशी टेबले. प्रत्येक टेबलावर प्रश्नांची सरबत्ती. एमडी करून ब्रिटनला गेलेल्या डॉक्टरला गॅसचे नियम पुन्हा उजळताना चिडचिड होते ती समजण्यासारखी आहे. रोज भूल देणाऱ्या माणसाला बॉइलचा नियम कशाला विचारायचा?

कशाला, ते एका सिलिंडरवरून दाखवता येते. ऑक्सिजनच्या सिलिंडरमध्ये वायू असतो, त्यामुळे तो वापरला जाईल तसा दाबाचा काटा खाली येतो आणि किती उरला हे काट्यावरून कळते. नायट्रस ऑक्साइडच्या सिलिंडरमध्ये मात्र द्रव असतो आणि त्यावर त्याची वाफ. वीस अंश तापमानाला काटा सुमारे ५१ बार दाखवतो, आणि शेवटचा द्रव संपेपर्यंत जवळजवळ तिथेच राहतो. मग अचानक कोसळतो. म्हणून या सिलिंडरमध्ये किती माल आहे हे वजनावरून ठरवायचे असते. इथपर्यंत पाठांतराने जाता येते. परीक्षक पुढे विचारतो: खोलीचे तापमान चाळीस असेल तर? नायट्रस ऑक्साइडचे क्रांतिक तापमान ३६.५ अंश आहे. त्यापेक्षा जास्त तापमानात कितीही दाब दिला तरी हा वायू द्रव होत नाही. लंडनच्या उमेदवाराला हा कल्पनेचा खेळ वाटेल, पण मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडच्या बिनवातानुकूलित स्टोअरमधल्या सिलिंडरची ती रोजची अवस्था आहे. थंड देशांत हे सिलिंडर ०.७५ या प्रमाणात भरतात आणि उष्ण देशांत ०.६७ प्रमाणात, ते याचमुळे: तापल्यावर दाब वाढायला जागा हवी. लेखी पेपरात हे तीन वेगळे प्रश्न होतात आणि तिन्हींची उत्तरे वेगवेगळी पाठ करता येतात. तोंडी परीक्षेत ती एकाच धाग्यात ओवावी लागतात. (पर्यावरणाच्या कारणाने नायट्रस ऑक्साइडचा वापरच आता कमी होत चालला आहे. तेव्हा हा लाडका प्रश्न परीक्षकांना थोड्याच वर्षांत सोडून द्यावा लागेल.)

जिवाशी थेट गाठ असलेला प्रश्न ऑक्सिजनचा. भूल देण्याआधी पेशंटच्या तोंडावर मास्क धरून तीन-एक मिनिटे शुद्ध ऑक्सिजन का देतात? आडव्या, भूल दिलेल्या प्रौढ माणसाच्या फुप्फुसात श्वास सोडल्यावर साधारण दोन लिटर हवा उरते. साधी हवा असेल तर त्यात ऑक्सिजन तीनशे मिलिलिटरच्या आतबाहेर. शरीर मिनिटाला सुमारे २५० मिलिलिटर खर्च करते. म्हणजे श्वास थांबला तर हाताशी जेमतेम मिनिटभर. तीच फुप्फुसे आधी ऑक्सिजनने भरून घेतली तर निरोगी माणसाला सात-आठ मिनिटे मिळतात. आता परीक्षक पेशंट बदलतो. गरोदर बाई: फुप्फुसातला साठा सुमारे वीस टक्क्यांनी कमी, खर्च तितकाच किंवा अधिक जास्त. तान्हे मूल: वजनाच्या मानाने खर्च मोठ्या माणसाच्या दुप्पट. खूप लठ्ठ माणूस: पूर्ण तयारी करूनही तीन मिनिटांच्या आत ऑक्सिजन धोक्याच्या पातळीखाली. मग स्नायू शिथिल करणारे सक्सिनिलकोलीन दिल्यावर श्वासनलिकेत नळी घालता आली नाही तर? 'सक्सिनिलकोलीन लवकर उतरते, तोवर थांबू' असे उत्तर आले की परीक्षक खुर्चीत सावरून बसतो, कारण या पेशंटचा साठा औषध उतरण्याआधीच संपणार आहे. उमेदवाराला दोन आकडे माहीत होते. ते एकमेकांशेजारी ठेवून पाहण्याची वेळ त्याच्यावर पहिल्यांदा आली ती तिथे. ती ऑपरेशन थिएटरमध्ये आली नाही, हेच परीक्षेचे काम.

पाठांतर आणि आठवण यांतला हा फरक शिक्षणाच्या मानसशास्त्रात मोजलेला आहे. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा चार सत्रांत पुन्हापुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने एकाच सत्रात वाचून पुढची तीन सत्रे पुस्तक बंद करून आठवेल तसा लिहिला. पाच मिनिटांनी तपासले तेव्हा वाचणारे पुढे होते: ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्यानंतर चित्र उलटले: वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवत होते, आठवण काढणाऱ्यांना ६१. आणि वाचणाऱ्या गटाचाच स्वतःच्या स्मरणशक्तीवर अधिक विश्वास होता! रात्रपाळीनंतर जाडजूड ग्रंथाच्या पानांवर हायलायटर फिरवत बसणाऱ्या रेसिडेंटची फसगत नेमकी हीच असते. पान ओळखीचे वाटते, म्हणून विषय येतो असे वाटते. तोच विषय सहकाऱ्यापुढे दोन मिनिटे बोलायला लागला की पहिल्या वाक्यानंतर वाट संपते. हे परीक्षेच्या महिनाभर आधी कळले तर उपाय आहे.

इथे एक हरकत रास्त आहे: चांगले बोलणारा चांगला डॉक्टर असतोच असे कुठे आहे? अमेरिकेतला पुरावा विचार करायला लावतो. तिथल्या भूलशास्त्र मंडळाची परीक्षा लेखी आणि तोंडी अशी दोन्ही असते. अनेक दशकांतल्या डॉक्टरांच्या नोंदी तपासून २०१७ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पुढे कोणाच्या परवान्यावर कारवाई झाली, हा त्याचा प्रश्न. दोन्ही परीक्षा पास झालेल्यांच्या तुलनेत एकही पास न झालेल्यांना असा धोका सुमारे साडेतीन पट होता. यात नवल नाही. पण लेखी पास होऊन तोंडीत अडकलेल्यांचा धोकाही जवळपास तेवढाच निघाला. यावरून तोंडी परीक्षेने कोणी चांगला डॉक्टर बनतो असे सिद्ध होत नाही. परवान्यावरची कारवाई ही गुणवत्तेची ओबडधोबड मोजणी आहे आणि तिची कारणे भूल देण्याबाहेरचीही असतात. पण लेखी परीक्षेच्या नजरेतून निसटणारे काहीतरी तोंडी परीक्षेत पकडले जाते, एवढे म्हणायला हा पुरावा पुरेसा आहे.

दुसरी हरकत अधिक अवघड आहे. ज्ञान असूनही माणसे चुकतात, मग ज्ञानाची परीक्षा कितीही कडक घेऊन काय साधणार? इंग्लंडमध्ये २००५ साली मार्टिन ब्रोमिली या वैमानिकाची पत्नी सायनसच्या साध्या ऑपरेशनसाठी दाखल झाली. भूल दिल्यावर तिचा श्वासमार्ग राखता आला नाही. खोलीत अनुभवी डॉक्टर होते, ते नळी घालण्याचे प्रयत्न करत राहिले. गळ्यातून श्वासमार्ग उघडण्याचे साहित्य नर्सने आणले, पण ते वापरले गेले नाही. ती पुन्हा शुद्धीवर आली नाही. अशा वेळी काय करावे हे त्या डॉक्टरांच्या शिक्षणाचा भाग होते. ब्रोमिली यांनी पुढे आरोग्यसेवेत मानवी घटकांचा विचार व्हावा म्हणून संस्था काढली आणि त्या प्रकरणाने जगभरच्या भूलतज्ज्ञांचे शिक्षण बदलले. म्हणून परीक्षा पुरेशी आहे असे कोणीही म्हणू नये. सिम्युलेशन, चेकलिस्ट आणि आणीबाणीत उघडायची हस्तपुस्तिका हवीच. पण त्या घटनेनंतरच्या मार्गदर्शक सूचना पाहा. नळी घालणे फसले आहे हे डॉक्टरने मोठ्याने जाहीर करावे, असे २०१५ च्या ब्रिटिश सूचना सांगतात. मनातला निष्कर्ष चारचौघांत, दबावाखाली, स्पष्ट शब्दांत बोलून दाखवणे हे कौशल्य बहुपर्यायी प्रश्नाचा गोल काळा करून येत नाही. हस्तपुस्तिकाही तेव्हाच उघडते, जेव्हा कोणीतरी योग्य पानाचे नाव उच्चारते.

तिसरी हरकत न्यायाची आहे, आणि इथे तोंडी परीक्षेच्या बाजूने बोलणाऱ्याने आवाज खाली आणला पाहिजे. ब्रिटनमध्ये बाहेरच्या देशांत शिकलेल्या डॉक्टरांचे एफआरसीएत पास होण्याचे प्रमाण तिथल्या पदवीधरांपेक्षा कमी राहते; तिथली मेडिकल कौन्सिल ही आकडेवारी प्रसिद्ध करते. फॅमिली डॉक्टरांच्या प्रात्यक्षिक परीक्षेबद्दल भारतीय वंशाच्या डॉक्टरांची संघटना न्यायालयात गेली होती. २०१४ च्या निकालात परीक्षा बेकायदेशीर ठरली नाही, पण ही तफावत दूर करण्यासाठी ती परीक्षा घेणाऱ्या कॉलेजने आता पावले उचलावीत असे न्यायाधीशांनी सुनावले. आपल्याकडे रोग वेगळा आहे. इथे कॉलेजातले स्वतःचे शिक्षक परीक्षक म्हणून बसतात, आणि बाहेरून आलेल्या परीक्षकाची मर्जी हा कँटीनमधला कायमचा विषय. अगदी सगळ्या अफवा खोट्या मानल्या तरी एका माणसाच्या लहरीवर तीन वर्षे टांगलेली असणे वाईटच. पण यावरचा उपाय तोंडी परीक्षा बंद करणे हा नाही. सगळ्यांना सारखे प्रश्न, आधी लिहून ठेवलेली अपेक्षित उत्तरे, दोन परीक्षकांनी एकमेकांना न विचारता दिलेले गुण, एकाच लांबलचक मुलाखतीऐवजी अनेक छोटी स्थानके, हे सगळे करता येते आणि कित्येक ठिकाणी होतेही. उच्चारापेक्षा आशयाला गुण द्यायचे हे परीक्षकाला शिकवता येते. त्यासाठी पैसे लागतात, आणि ते उमेदवाराच्या फीमधूनच काढायचे हा हट्ट मात्र सोडावा लागेल.

राहिला वेळेचा प्रश्न. आठवड्यात कित्येक रात्री जागणारा रेसिडेंट बोलण्याचा सराव कधी करणार? याचे उत्तर त्याच्याकडे नाही, त्याच्या वरिष्ठांकडे आहे. मराठी मुलांची यात एक जादा अडचण असते: जिल्ह्याच्या गावातून आलेला हुशार मुलगा एमबीबीएसमध्ये सगळे इंग्रजीत वाचतो, लिहितो, पण वॉर्डात पेशंटशी मराठीत आणि मित्रांशी मराठीतच बोलतो. पाच वाक्ये सलग इंग्रजीत बोलण्याची वेळ त्याच्यावर थेट परीक्षेच्या टेबलावर येते, आणि परीक्षक समजतो की याला विषयच येत नाही. अशा मुलाला आणखी एक पुस्तक देऊन काही होणार नाही. दुसऱ्या दिवशीच्या यादीवरचे पेशंट संध्याकाळी पीएसीला, म्हणजे भूल देण्यापूर्वीच्या तपासणीला, तपासले जातातच. त्यातल्या एका पेशंटवर, त्याच्या खाटेपासून जरा दूर उभे राहून, दोन प्रश्न विचारावेत आणि पूर्ण उत्तर येईपर्यंत मध्ये बोलू नये. सुरुवातीला मराठीत, मग इंग्रजीत. याला दहा मिनिटे लागतात. मेडिकल कॉलेजांतल्या भूलशास्त्राच्या प्रत्येक विभागप्रमुखाने ही दहा मिनिटे ड्यूटीच्या तक्त्यात लिहून टाकावीत.