ढोलाची धडधड आणि बासची पेटी

मुलांनो, गणपतीत ढोल-ताशाचं पथक लांबून येत असतं तेव्हा आधी काय ऐकू येतं? ताशा नाही, ढोल! आणि पथक जवळ आलं की ढोल नुसत्या कानांनी ऐकू येत नाही, छातीतही धडधडतो. खर्जातल्या आवाजाची हीच गंमत आहे. बँडमध्ये हे काम बास गिटार करते. तिचा आवाज वेगळा ओळखू येत नाही, पण ती थांबली की गाणं एकदम पोकळ वाटू लागतं.

आता समजा, बावधनमधल्या एका सोसायटीत मुलांनी बँड काढला आहे. गणेशोत्सवात अर्ध्या तासाचा कार्यक्रम मिळाला आहे. एक ताई बास वाजवते. घरी सरावाला तिच्याकडे १५ वॉटचा छोटा अ‍ॅम्प्लिफायर आहे. खोलीत तो छान वाजतो. पण ड्रम्स सुरू झाले की बास गायब! आवाज वाढवला तर तो फाटतो, पेटी घरघरते. बाबा म्हणतात, "मोठा अ‍ॅम्प घेऊ या." पण मोठा म्हणजे केवढा? चला, हिशेब करू या.

आठ मीटरची लाट

बास गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. ३४० ला ४१ ने भागा. उत्तर आलं आठ मीटरच्या वर! म्हणजे या स्वराची एक लाट एकापुढे एक उभ्या केलेल्या दोन मोटारींएवढी लांब. एवढी लाट उठवायची तर पुष्कळ हवा ढकलावी लागते. म्हणून बासला मोठे स्पीकर लागतात आणि ताकदही जास्त लागते.

इलेक्ट्रिक बास येण्याआधी वादक कपाटाएवढा डबल बास घेऊन हिंडत. १९५१ मध्ये अमेरिकेत लिओ फेंडर यांनी 'प्रिसिजन बास' बाजारात आणली आणि वाद्य खांद्याला लटकवता आलं. पण तिला स्वतःचा आवाज जवळजवळ नव्हताच! म्हणून १९५२ मध्ये १५ इंची स्पीकरचा 'बासमॅन' अ‍ॅम्प आला. पुढे मैफली मैदानांत होऊ लागल्या, तेव्हा १९६९ मध्ये 'अ‍ॅम्पेग' कंपनीने ३०० वॉटचा अ‍ॅम्प काढला. त्याच्या एकेका कॅबिनेटमध्ये १० इंची आठ स्पीकर असत. उचलायला माणसं लागायची! आज 'क्लास डी' तंत्रामुळे तेवढ्याच ताकदीचा अ‍ॅम्प दप्तरात मावतो.

वॉटची फसवी गंमत

दुकानात वॉट वाचून भुलू नका. ३०० वॉटचा अ‍ॅम्प १५० वॉटच्या अ‍ॅम्पपेक्षा दुप्पट मोठा वाजत नाही. फरक पडतो फक्त ३ डेसिबलचा, म्हणजे जेमतेम कळेल इतकाच. आवाज दुप्पट मोठा वाटायला वॉट साधारण दसपट लागतात! पण तोच ३ डेसिबलचा फरक चांगल्या कॅबिनेटनेही पडू शकतो. म्हणून कॅबिनेटवर लिहिलेला 'सेन्सिटिव्हिटी'चा आकडा जरूर पाहा. एकाचा ९७ आणि दुसऱ्याचा १०० असेल, तर दुसरं कॅबिनेट घेणं म्हणजे फुकटात दुप्पट वॉट मिळवणं.

आता एक कोडं. १५ इंची एक स्पीकर मोठा, की १० इंची चार? वर्तुळाचं क्षेत्रफळ आठवा. साडेसातचा वर्ग ५६ आणि थोडं जास्त. पाचचा वर्ग २५, गुणिले चार म्हणजे १००. चार छोट्यांनी एका मोठ्याला हरवलं! पण चौघांचं खोकं जडही असतं. तुमच्या इमारतीची लिफ्ट बंद असेल तर हाही विचार करायला हवा.

घरी करून पाहा

जुन्या, बंद पडलेल्या रेडिओतला सुटा स्पीकर घ्या. मोठ्या माणसांच्या मदतीने तो दुसऱ्या छोट्या रेडिओला जोडा. नुसता वाजवला तर आवाज किरटा येतो. आता मोठ्या पुठ्ठ्याला स्पीकरएवढं भोक पाडून त्यामागे तो घट्ट धरा. आवाज भरदार झाला ना? स्पीकर पुढे हवा ढकलतो तेव्हा मागे ती ओढतो. खर्जाच्या लाटा कडेने वळून एकमेकींना खोडून टाकतात. पुठ्ठा त्यांना अडवतो. कॅबिनेटचं खोकं हेच काम करतं.

जोडण्यापूर्वी

अ‍ॅम्पच्या मागे 'किमान ४ ओहम' असं काहीतरी लिहिलेलं असतं. ८ ओहमची दोन कॅबिनेट समांतर जोडली की ४ ओहम होतात. तिथपर्यंत ठीक. तिसरं जोडलंत तर आकडा ३ च्याही खाली जातो आणि अ‍ॅम्प तापून जळू शकतो. कॅबिनेटला स्पीकरचीच जाड वायर लावा, गिटारची नको. आणि आवाज फाटू लागला की लगेच कमी करा. फाटका आवाज ही स्पीकरची हाक असते.

मग आपल्या ताईने काय घ्यावं? ड्रम्सबरोबर वाजवायला २०० ते ३०० वॉट आणि १० इंची दोन स्पीकरचं कॅबिनेट पुष्कळ झालं. वर्षातून एकच कार्यक्रम असेल तर भाड्याने आणावं. साउंडवाल्या काकांकडे 'डीआय बॉक्स' असेल तर त्याहून सोपं. बास थेट त्यांच्या मोठ्या स्पीकरमधून वाजेल आणि ताईचा छोटा अ‍ॅम्प तिला स्वतःला ऐकण्यापुरता राहील.

शेजारचे आजोबा

उघड्या मैदानात बास हवेत विरून जातो, पण पार्किंगमध्ये भिंतींवर आपटून घुमतो. तिथे आवाज वाढवण्याऐवजी बासचं बटण थोडं कमी करून पाहा. खर्ज भिंतीतूनही आरपार जातो. स्टेजवर 'बरा' वाटणारा आवाज तिसऱ्या मजल्यावरच्या आजारी आजोबांच्या खिडकीची काच थरथरवत असतो. आपल्या देशात २००० सालापासूनच्या नियमांनुसार निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. सणांचे मोजके दिवस सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं. लाउडस्पीकरला परवानगी लागते, ती मोठ्यांनी आधीच काढावी.

आणि स्वतःचे कान? ८५ डेसिबलचा आवाज आठ तास, हा मोठ्या माणसांसाठी सांगितलेला हिशेब. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला उरतात फक्त १५ मिनिटं! जळलेला स्पीकर बदलता येतो, पण कानातल्या नाजूक पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. म्हणून सरावाला कानात बोळे घाला. अ‍ॅम्प जमिनीवर पायांशी न ठेवता खुर्चीवर ठेवून कानांच्या दिशेने वळवा. मग कमी आवाजातही तो नीट ऐकू येतो.

तर दोस्तांनो, कार्यक्रम संपल्यावर त्या आजोबांना जाऊन विचारा, "कसं झालं गाणं?" ते हसून "छान!" म्हणाले, तर समजा अ‍ॅम्प बरोबर निवडला!