गावाच्या घरासाठी विद्यापीठातले संशोधन

ग्रामीण भागातील स्वस्त आणि टिकाऊ घर हा विद्यापीठीय संशोधनाचा स्वतंत्र विषय आहे, याची कल्पना अनेक विद्यार्थ्यांना नसते. स्थापत्य अभियांत्रिकी किंवा वास्तुशास्त्राची पदवी घेतलेले बहुतेक तरुण शहरातील बांधकाम व्यवसायाकडे वळतात. मात्र या विषयाची निकड महाराष्ट्राने फार मोठी किंमत मोजून अनुभवली आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरील माळवदाचा भार अनेकांच्या जिवावर बेतला. भिंतींचे आतील व बाहेरील थर जोडणारे आडवे दगड बहुतेक ठिकाणी नव्हतेच. दोष मातीपेक्षा बांधणीत अधिक होता. परंतु त्यानंतर मातीच्या घरावरील लोकांचा विश्वास उडाला. हा विश्वास केवळ प्रचाराने परत येणार नाही. त्यासाठी चाचण्यांचा आधार हवा, आणि तो देणे हेच संशोधकाचे काम होय.

‘अस्त्र’चा प्रयोग

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ मध्ये अमूल्य रेड्डी यांच्या पुढाकाराने ‘अस्त्र’ हा ग्रामीण तंत्रज्ञानाचा उपक्रम सुरू झाला. रेड्डी मूळचे विद्युतरसायनशास्त्रज्ञ. तुमकूर जिल्ह्यातील उंगरा गावी उपक्रमाचे केंद्र उभारण्यात आले. मातीत थोडे सिमेंट मिसळून, हाताने चालणाऱ्या यंत्रात दाबून विटा पाडण्याचे तंत्र येथील संशोधकांनी विकसित केले. या विटा भट्टीत भाजाव्या लागत नाहीत. काही आठवडे पाणी मारले की वापरता येतात. बी. व्ही. वेंकटराम रेड्डी आणि के. एस. जगदीश यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, सहा ते आठ टक्के सिमेंट असलेल्या अशा विटेला भाजलेल्या विटेच्या सुमारे एक चतुर्थांश ऊर्जा पुरते.

अर्थात, प्रत्येक गावची माती सारखी नसते. आपल्याकडील काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हात तडकते. घरासाठी पांढरी माती वापरण्याचा जुना प्रघात त्यामुळेच शहाणपणाचा ठरतो. काळ्या मातीत चुना किंवा वाळू किती मिसळावी, भिजलेली वीट किती भार पेलते, हे प्रयोगशाळेतच ठरवावे लागते.

प्रवेशाचे मार्ग

या क्षेत्रात येण्यासाठी स्थापत्य अभियांत्रिकी किंवा वास्तुशास्त्राची पदवी आणि ‘गेट’ परीक्षा हा नेहमीचा मार्ग आहे. आयआयटी मुंबईत १९८५ पासून ग्रामीण तंत्रज्ञानाचे ‘सितारा’ हे केंद्र असून तेथे एम. टेक. व पीएच. डी. करता येते. रुरकीची केंद्रीय इमारत संशोधन संस्थाही याच विषयात काम करते. केंद्र सरकारची कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७ हजार रुपये आहे. बांधकाम कंपन्यांतील पगाराशी तिची तुलना न केलेलीच बरी.

खरी कसोटी

खरी अडचण मात्र पदवीनंतरची आहे. प्राध्यापकाची बढती शोधनिबंधांवर अवलंबून असते. गवंड्याला शिकवण्यात गेलेल्या दोन वर्षांची नोंद त्यात सहसा होत नाही. शिवाय मानकांत आणि शासकीय दरसूचीत नसलेले साहित्य सरकारी कामावर वापरणे कठीण असते. मातीच्या विटांसाठीचे ‘आयएस १७२५’ हे मानक २०१३ मध्ये सुधारण्यात आले, ही म्हणूनच महत्त्वाची पायरी होती.

प्रधानमंत्री आवास योजनेच्या २०१६ मध्ये सुरू झालेल्या ग्रामीण टप्प्यात सपाट प्रदेशातील घराला एक लाख २० हजार रुपये अनुदान ठरले. घराचे किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर. एवढ्या रकमेत उन्हाळ्यात न तापणारे आणि भूकंपात न ढासळणारे घर कसे बांधावे, हा प्रश्न अद्याप पुरता सुटलेला नाही. प्रयोगशाळेइतकाच वेळ गावात देण्याची तयारी असलेल्या संशोधकांची येथे गरज आहे.