मामा, नॉयर आणि परभणी

‘जगात जर्मनी, भारतात परभणी!’

पुण्यात नवा प्रोजेक्ट, नवा टीम लीड आणि ‘गाव कुठलं तुझं?’ हा प्रश्न आला, की मी हे वाक्य फेकून मोकळा होतो. समोरचा हसतो, विषय संपतो. जर्मनीचा आणि परभणीचा नेमका संबंध काय, हे मात्र मला कधीच कळलं नव्हतं. गेल्या दिवाळीत थोडंफार कळलं. तेही मामांच्या बैठकीत, चकली खाता खाता.

आमचे मामा म्हणजे रिटायर्ड हवालदार. सगळी नोकरी परभणी जिल्ह्यात. पोलिसांचे सिनेमे त्यांना अजिबात सहन होत नाहीत. ‘एक फौजदार अन् धा गुंडं! लेका, आमच्या जीपला धक्का मारायलाच चार माणसं लागायची.’ अशा माणसासमोर मी लॅपटॉप टीव्हीला जोडून १९५३चा ब्लॅक अँड व्हाइट ‘द बिग हीट’ लावला. दिग्दर्शक फ्रिट्झ लँग. जन्म व्हिएन्नाचा, पण नाव कमावलं बर्लिनमध्ये. ‘मेट्रोपोलिस’ आणि ‘एम’वाला तोच. नाझी सत्तेवर आल्यावर १९३३मध्ये त्यानं जर्मनी सोडली. बिली वाइल्डर, रॉबर्ट सिऑडमाक हेही तसेच तिथून निघाले. ही मंडळी हॉलिवूडमध्ये पोचली ती बर्लिनच्या सावल्या सोबत घेऊनच. व्हेनेशियन ब्लाइंड्सचे पट्टे, ओले रस्ते, अर्धा अंधारात बुडालेला चेहरा... या सिनेमांना १९४६मध्ये नीनो फ्रँक या फ्रेंच समीक्षकानं नाव दिलं, ‘फिल्म नॉयर’. म्हणजे काळा सिनेमा. झाला की नाही जर्मनीचा संबंध?

‘द बिग हीट’ सुरू होतो तोच एका पोलिसाच्या आत्महत्येनं. टेबलावर लिफाफा. जिन्यावरून बायको उतरते. किंचाळत नाही, रडत नाही. लिफाफा उघडून वाचते आणि फोन उचलते.

‘बघ, बाईनं आधी फोन कुणाला लावला,’ मामा म्हणाले. चकली हातातच राहिली होती.

फोन लावलेला असतो माफिया बॉसला. नवऱ्यानं पत्रात पोलीस खात्याचे आणि या बॉसचे सगळे व्यवहार लिहून ठेवलेत. आता ते पत्र म्हणजे बाईची पेन्शन! तपास येतो सार्जंट बॅनियनकडे (ग्लेन फोर्ड). साधा माणूस, छान बायको, छोटी मुलगी. तो खोदायला लागतो, वरून ‘जाऊ दे’ असा निरोप येतो, तो ऐकत नाही. मग एका रात्री त्याच्यासाठी गाडीत लावलेल्या बॉम्बनं त्याची बायको जाते. बॅनियन बॅज परत करतो, पण पिस्तूल ठेवतो. ते त्याच्या मालकीचं असतं ना!

इथून पुढे टिपिकल सूडकथा असणार असं वाटलं असेल, तर थांबा. हॉलिवूडच्या तेव्हाच्या सेन्सॉर नियमावलीत, म्हणजे हेज कोडमध्ये, स्पष्ट लिहिलं होतं की आधुनिक काळातल्या सूडाचं समर्थन पडद्यावर करायचं नाही. मग लँगनं काय करावं? बॅनियन त्या बाईचा गळा आवळायला जातो आणि नेमका थांबतो. तेच काम नंतर डेबी करते. डेबी म्हणजे गुंडाची मैत्रीण (ग्लोरिया ग्रॅहम, काय काम केलंय बाईनं!). गुंडानं, म्हणजे ली मार्विननं, तिच्या तोंडावर उकळती कॉफी फेकलेली असते. कॉफी पडताना दिसत नाही, नुसती किंकाळी ऐकू येते. मामींनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. डेबी बाईला गोळी घालते, पत्र बाहेर येतं, साम्राज्य कोसळतं. हिरोचे हात कोरडे, आणि सिनेमाभर मेलेल्या बायका किती? चार. बॅनियन शेवटी आपल्या टेबलावर परत कामाला बसतो. मला तो शेवट आजही हॅपी एंडिंग वाटत नाही.

मामांना पिक्चर आवडला, म्हणून रात्री दुसरा लावला. ऑर्सन वेल्सचा ‘टच ऑफ ईव्हिल’, १९५८. त्यातला पोलीस कॅप्टन क्विनलन स्वतःच पुरावे पेरतो. एका पोराच्या बाथरूममध्ये बुटांच्या खोक्यात डायनामाइट ‘सापडतं’. का? क्विनलनच्या बायकोचा गळा दाबून खून झालेला असतो आणि खुनी सुटलेला असतो. त्यानंतर त्यानं एकालाही सुटू दिलेलं नाही. आणि गंमत म्हणजे, शेवटी कळतं की तो पोरगा खरंच गुन्हेगार होता!

‘बघा, बरोबरच होता की तो,’ मी मुद्दाम काडी टाकली.

मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘माझं अक्षर चांगलं व्हतं. पंचनामा मलाच लिवायला लावायचे.’ एका ठाण्यात असताना एका प्रकरणात एक विळा शेतातून ‘जप्त’ झाला. पंचांच्या सह्या झाल्या, पंचनामा मामांच्या अक्षरात. तो विळा दोन दिवस आधीपासून ठाण्याच्या कपाटात होता. ‘मीच तर कपाट झाडलं व्हतं,’ मामा म्हणाले.

‘मग तो माणूस?’

‘सजा झाली. त्यानं केलं व्हतं का नव्हतं, मला आजबी माहीत नाही बाबा. ह्या तुझ्या पिक्चरमधी शेवटी कळतं तरी.’

मामी आत निघून गेल्या. त्यांना हे माहीत होतं की नाही, मी विचारलं नाही.

आपल्याकडे या घराण्यातला अस्सल सिनेमा म्हणजे ‘अर्ध सत्य’, १९८३. श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’ ही मराठी कथा, पटकथा तेंडुलकरांची, दिग्दर्शन गोविंद निहलानींचं. ओम पुरीचा वेलणकर कोठडीत एका भुरट्या चोराला मारून टाकतो आणि नोकरी वाचवण्यासाठी जातो कुणाकडे? रामा शेट्टीकडे! ज्याला पकडायचं त्याच्याच दारात. तिथे हेज कोड नव्हता. वेलणकर शेट्टीचा गळा दाबतो आणि स्वतःच ठाण्यात हजर होतो. वेलणकरचे वडीलही पोलिसात होते, कॉन्स्टेबल. मामांनी हा सिनेमा एकदाच पाहिलाय. परत पाहणार नाही म्हणतात.

पण खरी नॉयर स्टोरी परभणीतच होती, आणि मी ती विसरलो होतो. २ डिसेंबर २००२ला घाटकोपरला बसमध्ये स्फोट झाला. त्या महिन्यात परभणीचा ख्वाजा युनूस पकडला गेला. वय २७, सॉफ्टवेअर इंजिनिअर, दुबईत नोकरी. म्हणजे तुमच्या-माझ्या शेजारच्या क्युबिकलमध्ये बसला असता असा. जानेवारी २००३मध्ये पोलिसांनी सांगितलं की, तपासाला नेताना जीपला अपघात झाला आणि तो पळाला. सीआयडीच्या तपासात निघालं की तो कोठडीतच मेला होता आणि अपघाताची गोष्ट रचलेली होती. चार पोलिसांवर आरोपपत्र आलं. त्यात सचिन वाझेचं नाव होतं. २००४मध्ये निलंबन, २०२०मध्ये परत नोकरीत, २०२१मध्ये वेगळ्याच प्रकरणात अटक आणि मग बडतर्फी. स्फोटाच्या खटल्यातले युनूसचे सहआरोपी २००५मध्येच निर्दोष सुटले होते.

त्याच्या आईकडे ना पिस्तूल, ना कॉफीचं भांडं. होत्या फक्त तारखा. परभणीहून मुंबईला रेल्वेनं जायचं, कोर्टात बसायचं, परत यायचं. २०१२मध्ये हायकोर्टानं भरपाई द्यायला लावली. खुनाचा खटला मात्र वर्षानुवर्षं रेंगाळत राहिला.

हे सगळं मी मामांना सांगितलं. त्यांना ते माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. परभणीत कुणाला माहीत नाही? ‘पळाला म्हणून लिवलं ना,’ ते म्हणाले, ‘ते बी कुणीतरी चांगल्या अक्षरातच लिवलं असंल.’

भाऊबीजेच्या रात्री मामा मला ट्रॅव्हल्सवर सोडायला आले. गाडी नेहमीसारखी तासभर लेट. निघताना त्यांनी फराळाची पिशवी खिडकीतून आत दिली.

‘पुढच्या बारीला दादा कोंडकेचा आण,’ म्हणाले. ‘रंगीत.’