विश्लेषण : टाकीच्या ओव्हरफ्लो पाइपचा जोड वारंवार का गळतो?

गच्चीवरची टाकी भरली, की जादा पाणी ओव्हरफ्लो पाइपातून बाहेर पडते. या पाइपचा जोड गळत असेल, तर पाणी स्लॅबमध्ये मुरते आणि खालच्या खोलीच्या छताला ओल येते. नळाच्या पाइपासारखे यात सतत पाणी नसते. त्यामुळे छताला डाग पडेपर्यंत गळती लक्षातच येत नाही. अनेकदा दोष पाइपचा नसतो, तो जोडण्याच्या पद्धतीचा असतो.

‘सोल्युशन’ नेमके काय करते?

प्लंबर ज्याला ‘सोल्युशन’ म्हणतात, ते सॉल्व्हंट सिमेंट साधा गोंद नाही. त्यातला द्रावक पाइप आणि फिटिंग या दोन्हींचा पृष्ठभाग विरघळवून मऊ करतो. द्रावक उडून गेला, की दोन्ही भाग एकजीव होतात. म्हणूनच चुकलेला जोड पुन्हा सोडवता येत नाही. तो कापून नवे फिटिंग बसवावे लागते. वरून पुट्टी लावणे हा तात्पुरता उपाय असतो.

कोणतेही सोल्युशन चालते का?

नाही. यूपीव्हीसी पाइपचे सोल्युशन वेगळे आणि गरम पाण्याच्या सीपीव्हीसी पाइपचे वेगळे. डब्यावर तसे लिहिलेले असते. प्लास्टिकची टाकी मात्र पॉलिइथिलीनची असते आणि या प्लास्टिकवर सोल्युशनचा परिणामच होत नाही. टाकीला भोक पाडून पाइप नुसता चिकटवला, तर तो आज ना उद्या सुटतो. तेथे रबर वॉशरसह आट्यांचा टँक निपल आवळून बसवावा लागतो. सोल्युशनचे काम त्याच्या पुढच्या जोडांपासून सुरू होते.

जोड कसा द्यावा?

पाइप सरळ कापावा, कडेचा चुरा काढावा आणि धूळ व पाणी पुसून घ्यावे. सोल्युशन न लावता एकदा जुळवून पाहावे आणि पाइप किती आत जातो तेथे खूण करावी. मग पाइपच्या बाहेरून आणि फिटिंगच्या आतून पातळ थर द्यावा. पाव फेरा फिरवत पाइप खुणेपर्यंत दाबावा आणि सुमारे अर्धा मिनिट धरून ठेवावा. नाहीतर तो मागे सरकतो. बाहेर आलेले सोल्युशन पुसावे. जोड वाळण्यासाठी डब्यावर दिलेला वेळ पाळावा. सोल्युशनची वाफ पेट घेते, त्यामुळे काम करताना जवळ विडी-सिगारेट नको.

आणखी काय पाहावे?

ओव्हरफ्लो पाइप टाकीत पाणी आणणाऱ्या पाइपपेक्षा मोठा असावा आणि त्यावर कॉक नसावा. त्याला बाहेरच्या बाजूला उतार द्यावा, क्लॅम्पचा आधार द्यावा. तोंडाला डासांची जाळी बसवावी आणि ती वेळोवेळी साफ करावी. तोंड सहज दिसेल अशा जागी असले, की पंप बंद करायचा राहिला हेही लगेच कळते.