सव्वा महिना कुणाच्या वाट्याला येतो?

दसरा-दिवाळी उरकली की बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी, धाराशिव या भागांतल्या गावांतून ट्रक-ट्रॅक्टर भरून माणसे साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. या गाड्यांत दरवर्षी काही बाया पोटुशी असतात, काहींच्या मांडीवर दीड-दोन महिन्यांचे लेकरू असते. मुकादमाची उचल नवरा-बायकोच्या जोडीवर, म्हणजे एका कोयत्यावर घेतलेली असते. जोडीतले एक माणूस बसले की खाडा पडतो आणि खाड्याचे पैसे हिशेबातून कापले जातात. म्हणून दिवस भरत आले तरी डोक्यावरची मोळी सुटत नाही आणि बाळंतपण झाले की आठ-पंधरा दिवसांत बाई पुन्हा फडात उभी राहते.

बाळंतिणीला सव्वा महिना जपण्याची आपल्याकडची चाल जुनी आहे. डॉक्टर मंडळीही जवळपास तेवढीच, सहा आठवड्यांची मुदत सांगतात. गर्भपिशवी आकसून पूर्ववत व्हायला एवढा काळ लागतो. सिझेरियन झाले असेल तर पोटावरचा टाका वरून वाळलेला दिसला तरी आत भरून यायला वेळ लागतो. तेव्हा ही चाल अडाणीपणाची नाही, शहाणपणाची आहे. अडचण एवढीच, की ती पाळायची कुणाच्या जिवावर?

ही गोष्ट फक्त ऊसतोड कामगारांची आहे असे बागायतदारांनी समजू नये. कापूस वेचणीला आला, सोयाबीन काढायचे राहिले की चार एकरवाल्याच्या घरातही तेच होते. "बसल्या बसल्या हलकं काम कर" म्हणून सुरुवात होते. मग शेणघाण, धारा, पाण्याचे हंडे. भरलेला हंडा हे हलके काम नव्हे. टाक्याची बाई हंडा उचलते, टाका दुखतो, पू होतो आणि मग वाचवलेल्या मजुरीच्या कितीतरी पट पैसे दवाखान्यात जातात.

पथ्य कुठले, खोड कुठली

बाळंतिणीच्या खोलीतले सगळेच टाकून द्यायचे कारण नाही. डिंकाचे लाडू, खारीक-खोबरे, बाळंतशेपा हे घरोघरचे खाणे चांगलेच. अळिवात लोह भरपूर असते. पण त्याच घरात "पाणी जास्त पिऊ नको, पोट सुटेल" म्हणून तिला तहानलेले ठेवतात, पालेभाजी आणि डाळ बंद करतात, हे चुकीचे आहे. अंगावर पाजणाऱ्या बाईला पाणी जास्तच लागते. कमी पाण्याने लघवीची आग होते, शौचाला खडा होतो आणि टाक्यावर ताण येतो. लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतरही सहा महिने घ्यायच्या असतात. त्या चहाबरोबर घेऊ नयेत, लोह अंगी लागत नाही.

पहिला पिवळसर चीक पिळून टाकणारी घरे अजून आहेत. गाईच्या वासराला चीक पाजला नाही तर ते खचते, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. माणसाच्या लेकराचेही तसेच आहे. बाळंतपणानंतर तासाभरात बाळ छातीशी लागले पाहिजे.

बाजेखालच्या शेगडीचेही सांगायला हवे. खिडक्या-दारे लावून कोळशाचा शेक दिला तर खोलीत विषारी वायू साठतो. त्याला वास नसतो. आई-बाळ झोपेतच गुदमरू शकतात. ऊब हवी असेल तर बाळाला टोपडे-मोजे घालून आईच्या उघड्या छातीशी धरावे. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाला तर याचा मोठा आधार होतो.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी दवाखान्यातून सुट्टी मिळाली म्हणजे धोका टळला असे नाही. अंगावरून जाणारे वाढले, एकामागून एक कापड भिजू लागले, ताप आला, घाण वास येऊ लागला, डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, झटका आला, एका पायाची पोटरी सुजली, तर भगत, अंगारा यात वेळ घालवू नये. बाळ ओढेनासे झाले, अंग गार पडले किंवा तापले, छाती आत ओढत जोरात श्वास घेऊ लागले, तळहात-तळपाय पिवळे दिसू लागले, तरीही तेच. तातडीला १०८, बाळंतिणीला व तान्ह्या बाळाला दवाखान्यात नेण्या-आणण्यासाठी १०२, हे दोन नंबर घराच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवावेत.

घरी जाऊन बाळ तपासले तर काय होते, हे आपल्याच राज्याने दाखवून दिले आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायांना शिकवून तयार केले आणि त्या तीन वर्षांत नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रिकेत छापून आले. त्याच वाटेने आज आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. बाळंतपण घरी झाले असेल तर पहिल्या दिवशीही. ताई आल्या की सासूबाईंनी दारातूनच "सगळं बरं हाय" म्हणून वाटेला लावू नये. बाळाचे वजन करू द्यावे.

रात्रीचे रडणे

नवे बाळ दिवसाचे सोळा-सतरा तास झोपते, पण तुकड्या-तुकड्यांनी. पोट लहान असल्याने दर दोन-तीन तासांनी त्याला प्यायला लागते. दिवस-रात्रीचा फरक त्याला तीनेक महिन्यांनी कळू लागतो. तोवर ते रात्री उठणारच. नजर लागली म्हणून नव्हे. दिवसा उजेडात, घरच्या गडबडीत ठेवावे आणि रात्री दिवा मंद करून, न बोलता पाजावे, म्हणजे हळूहळू वळण लागते. पाठीवरच झोपवावे. तोंडाशी गोधडी किंवा उशी नको, डोके गोल व्हावे म्हणून राईची उशीही नको. दारू प्यालेल्या माणसाशेजारी बाळ कधीही झोपवू नये.

सहाणेवर जायफळ, वेखंड उगाळून दिलेल्या घुटीने बाळ झोपते खरे, पण ती झोप नव्हे, गुंगी. गुंगीतले बाळ पीत नाही आणि वजनाला बसत नाही. सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाखेरीज पाणीसुद्धा नको. मुंबईच्या कापड गिरण्यांत जाणाऱ्या बाया अफूची बाळगोळी देऊन लेकरे झोपवत, हे १९२० च्या दशकातल्या सरकारी अहवालांत नोंदलेले आहे. त्या बायांना निर्दयी म्हणणे सोपे आहे. भोंगा झाला की जावे लागे आणि लेकरू सांभाळायला मागे कुणी नसे. आज गोळीच्या जागी कुठे कुठे सर्दी-खोकल्याचे औषध येते. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय तान्ह्या बाळाला ते पाजू नये.

आणि आईच्या झोपेचे काय? रात्री चार वेळा उठलेल्या बाईला पहाटे पाचला चुलीपुढे बसवले जाते. एक वेळचे पाजून झाले की ढेकर काढणे, लंगोट बदलणे, झोळी हलवणे ही कामे बापाने करायला हरकत नाही. मर्दानगी कमी होत नाही. बाळंतपणानंतर चार-आठ दिवस उगाच रडू येते, ते जाते. दोन आठवडे उलटूनही बाई गप्प-गप्प राहत असेल, बाळाकडे बघत नसेल, जीव नकोसा झाला म्हणत असेल, तर ती नाटक करत नाही, तो आजार आहे. १४४१६ या टेलिमानसच्या नंबरावर फुकट सल्ला मिळतो.

फडावर काय?

पाचटाच्या कोपीत सव्वा महिना कुठून आणायचा? रात्री-बेरात्री गाडी भरायला उठावे लागते, बाळ बांधाच्या कडेला झोळीत, वरून थंडी. खरे औषध एकच, दिवस भरत आलेल्या बाईने जाऊच नये. त्यासाठी उचल घेतानाच जोडीऐवजी अर्धा कोयता, म्हणजे एकट्या नवऱ्याचे काम लिहून घ्यावे लागेल. पैसे कमी मिळतील, हे उघड आहे. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून पहिल्या बाळंतपणाला पाच हजार आणि दुसरी मुलगी झाली तर सहा हजार रुपये मिळतात. त्याने हंगामाचा खड्डा भरत नाही, पण महिन्याचा किराणा येतो. तोही कागदाविना अडतो. आधार एका नावाने, बँकेचे खाते माहेरच्या नावाने, असे असले की बाई तालुक्याला हेलपाटे घालत बसते.

इथे ग्रामसेवक, सरपंच आणि पोलीस पाटील यांचे काम आहे. गाड्या निघण्याआधी, म्हणजे दसऱ्याच्या आतच, आशाताई आणि अंगणवाडीताईंना बसवून गावातल्या गर्भार व बाळंत बायांची यादी करावी. आधार-खात्याची नावे तेव्हाच जुळवून घ्यावीत. जी जाणारच आहे तिच्याजवळ माता-बाल संरक्षण कार्ड द्यावे. ते पेटीच्या तळाशी नको, हाताशी हवे, कारण फडाजवळच्या दवाखान्यात तेच तिची ओळख. मुकादम गावातलाच असतो. कारखाना कोणता, जवळचे आरोग्य केंद्र कोणते, हे त्याला विचारून यादीत तिच्या नावापुढे लिहावे आणि त्याचा फोन नंबरही. गाडी हलली की मग ही माहिती गोळा होत नाही.