कामापुढे कुणाचं तरी नाव

डेबियन या ऑपरेटिंग सिस्टीमला स्वतःची लिखित घटना आहे. डिसेंबर 1998 मध्ये ती मंजूर झाली. तिच्या सुरुवातीच्या कलमांतच सांगून टाकलंय की या घटनेमुळे प्रकल्पाचं काम करण्याची सक्ती कुणावरही येत नाही. सोपवलेलं काम नको असेल तर करू नये. अट एवढीच, की नियमाने झालेल्या निर्णयांना मुद्दाम आडवं जाऊ नये. अशा कलमावर गावची पाणीवापर संस्था तरी चालेल का, असं आपल्याकडे कुणीही विचारेल. पण याच कलमाखाली हजारेक माणसं, वेगवेगळ्या देशांत बसून, एक आख्खी ऑपरेटिंग सिस्टीम घडवत आणि राखत आली आहेत. प्रकल्पाकडून त्यांना पगार नाही. 9 ऑगस्ट 2025 रोजी ‘ट्रिक्सी’ ही 13 क्रमांकाची आवृत्ती बाहेर आली, तेव्हा तिच्यात 69,830 पॅकेजेस होती.

मी भंडारा जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात संगणक शिकवतो. आमच्या विद्यार्थ्यांचा एक गट या कामाला अगदी कडेला उभं राहून हात लावतो. नवी आवृत्ती येण्याआधी तिचा इन्स्टॉलर जुन्यानव्या यंत्रांवर चालवून बघायचा आणि जे घडलं ते कळवायचं, एवढंच. प्रोग्रॅमिंग फारसं येत नसलं तरी हे जमतं. कडेला उभं राहिलं की आतली मांडणी बरीच दिसते, आणि मला त्या मांडणीचंच मोठं अप्रूप आहे.

माणसं वाढवली की काम लवकर उरकतं, ही समजूत ऑपरेटिंग सिस्टीमच्या बाबतीत फार पूर्वीच खोटी ठरली. आयबीएमच्या ओएस/360 या प्रणालीचं काम 1960च्या दशकात फ्रेडरिक ब्रुक्स यांनी सांभाळलं. 1975 मध्ये ‘द मिथिकल मॅन-मंथ’ या पुस्तकात त्यांनी लिहिलं की रखडलेल्या कामावर आणखी माणसं लावली तर ते आणखी रखडतं. कारण साध्या गणिताचं आहे. दहा जणांत बोलण्याच्या 45 जोड्या होतात, पन्नास जणांत 1,225. हजार जणांत हा आकडा पाच लाखांच्या घरात जातो. सगळ्यांनी सगळ्यांशी बोलून ठरवायचं म्हटलं तर ठरवण्यातच आयुष्य सरेल.

इयन मरडॉक यांनी 16 ऑगस्ट 1993 रोजी डेबियनची घोषणा केली तेव्हा ते अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात शिकत होते. लिनक्सचा गाभा तयारच होता; तो लिनस टॉरवाल्ड्स यांनी 1991 मध्ये जाहीर केला होता. ग्नू प्रकल्पाची साधनंही होती. ती एकत्र बांधून, काळजीने तपासून, नांदती ठेवणारं फारसं कुणी नव्हतं. मरडॉक यांनी सगळी प्रणाली तुकड्यांत वाटली आणि प्रत्येक तुकडा एकेका माणसाच्या ताब्यात दिला. आज त्या तुकड्याला पॅकेज म्हणतात आणि त्याच्या माणसाला मेंटेनर. हल्ली एका माणसाऐवजी एखाद्या गटाचं नावही पुष्कळदा असतं. मात्र जागा रिकामी नसते.

वाटलेले तुकडे पुन्हा जुळणार कसे? त्यासाठी नियमपुस्तिका आहे, ‘डेबियन पॉलिसी’. पॅकेजच्या मांडणीच्या फाइल्स ‘इटीसी’ नावाच्या फोल्डरमध्येच जातील, एक पॅकेज दुसऱ्यावर कसं अवलंबून आहे ते ठरलेल्या पद्धतीनेच लिहिलं जाईल, काढून टाकताना मागे काय राहील, अशा बारीकसारीक गोष्टी तिच्यात आहेत. वाचायला ती रुक्ष आहे. पण ब्राझीलमधल्या आणि जपानमधल्या दोन माणसांची पॅकेजेस त्या दोघांची एकदाही ओळख न होता एकमेकांत बसतात ती तिच्यामुळे. स्वयंसेवक कुणाचे हुकूम ऐकत नाहीत हे खरं, पण सगळ्यांनी मिळून लिहिलेला नियम त्यांना जाचत नाही. मला वाटतं, ऑपरेटिंग सिस्टीम बांधणाऱ्या गटांची निम्मी संघटना या एका पुस्तिकेत आहे.

आमच्याकडची गोष्ट सांगतो. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10चा नेहमीचा आधार संपणार हे जाहीर झालं होतं, आणि आसपासच्या शाळांतली अनेक यंत्रं विंडोज 11 घेऊ शकणारी नव्हती. ती फेकायची की दुसरी प्रणाली घालून वापरायची, या प्रश्नातून पोरं इकडे वळली. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून इन्स्टॉलर उतरवायचा, पेन ड्राइव्हवर चढवायचा, वीज आहे तोवर चालवून घ्यायचा.

पहिला धडा कळवण्याचा होता. एका विद्यार्थ्याने लिहून आणलं, ‘चालत नाही.’ विचारलं तर म्हणाला, “सर, मशीन तं सुरू होऊन राहिली, पण टचपॅडच काम करत नाही.” म्हणजे चालत होतंच, अडत एका जागी होतं. मग आम्ही बसून लिहिलं. यंत्राचं मॉडेल, इन्स्टॉलरची तारीख, कोणता पर्याय निवडला, काय व्हायला हवं होतं, काय झालं, माऊस लावल्यावर काय झालं. हे डेबियनच्या तक्रार-नोंदीकडे साध्या ईमेलने जातं. तिथे प्रत्येक तक्रारीला क्रमांक मिळतो. हे क्रमांक दहा लाखांच्या पुढे गेले आहेत. इन्स्टॉलरच्या अनुभवांसाठी वेगळा कप्पाच आहे, आणि सगळं सुरळीत पार पडलं तरी तसं कळवा, अशी तिथे विनंती असते. पोरांना हे विचित्र वाटलं, बिघाड नसताना काय कळवायचं? पण ज्याने लांब बसून यंत्र न बघता इन्स्टॉलर लिहिलाय, त्याला ‘अमुक यंत्रावर चाललं’ ही बातमीही कामाची असते. पुढे उत्तर आलं, तेही दोन नेमके प्रश्न विचारणारं. तो विद्यार्थी ते उत्तर दिवसभर सगळ्यांना दाखवत होता. आपलं म्हणणं कुणीतरी नीट वाचलं, हा अनुभव आमच्या मुलांना सहसा येत नाही.

इन्स्टॉलरमध्ये मराठी निवडता येते, हे बहुतेकांना माहीतच नव्हतं. फेब्रुवारी 2009 मध्ये आलेल्या ‘लेनी’ या आवृत्तीपासून ती तिथे आहे. देवनागरीची जोडाक्षरं अक्षरी पडद्यावर नीट बसत नाहीत, म्हणून ती फक्त चित्रमय इन्स्टॉलरमध्ये मिळते. भाषांतराचं कामही पातळ्या पाडून वाटलेलं आहे. पहिल्या पातळीत इन्स्टॉलरचा गाभा येतो. तो पुरेसा झाल्याशिवाय भाषा यादीत चढत नाही, आणि पुढे राखली गेली नाही तर उतरूही शकते. कुणीतरी 2009 च्या आधी केलेलं काम आमच्या विद्यार्थिनीच्या पडद्यावर उमटलं, यामागे नंतरच्या प्रत्येक आवृत्तीला कुणीतरी पुन्हा हात लावलाय हे मी मुलांना मुद्दाम सांगतो.

आवृत्ती जवळ आली की ‘फ्रीझ’ लागतो. ट्रिक्सीसाठी तो 15 मार्चला सुरू झाला, 15 एप्रिल आणि 15 मेला आणखी आवळला आणि 27 जुलैला पूर्ण बसला. एरवी नवं पॅकेज आधी ‘अनस्टेबल’मध्ये येतं, साधारण पाच दिवस गंभीर तक्रार आली नाही आणि सगळ्या प्रकारच्या प्रोसेसरवर ते तयार झालं, तर आपोआप ‘टेस्टिंग’मध्ये सरकतं. फ्रीझमध्ये ही दारं एकेक करून बंद होतात. एखाद्या पॅकेजवर गंभीर तक्रार तशीच पडून राहिली, तर मेंटेनरला आगाऊ इशारा जातो आणि मुदतीनंतर ते पॅकेज टेस्टिंगमधून काढलं जातं. कुणी कुणावर ओरडत नाही. हवं असेल तो दुरुस्त करतो, मेंटेनर नसला तरी दुसरा कुणी दुरुस्ती चढवू शकतो, त्याचीही रीत ठरलेली आहे. आमच्याकडे जुलैअखेर म्हणजे रोवणीचे दिवस. अर्धा गट बांधीत चिखलात होता, त्यामुळे शेवटच्या तपासण्या गावात शेती नसलेल्या मुलींनी केल्या.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाची वाटते ती निघून जाण्याची सोय. मेंटेनरला वेळ उरला नाही तर तो पॅकेज ‘ऑर्फन’, म्हणजे पोरकं, जाहीर करतो. पूर्ण सोडायचं नसेल तर मदत मागतो किंवा दत्तक घेणारा शोधतो. अशा पॅकेजेसची यादी सगळ्यांपुढे खुली असते. कुणी न सांगताच गप्प झाला, तर त्याची चौकशी करणारा वेगळा गट आहे. सोडण्यात कमीपणा मानत नाहीत, म्हणून काम लपून कुजत नाही.

भंडाऱ्यात राहणाऱ्याला याचं महत्त्व समजावून सांगावं लागत नाही. गोंड राजवटीपासून कोहळी समाजाने इथे बांधलेले तलाव जमीनदारी गेल्यावर, म्हणजे 1950 च्या कायद्यानंतर, सरकारजमा झाले. मालगुजाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, सत्तेत अन्याय होता आणि ती गेली हे योग्यच झालं. पण पाळ कुणी बघायची, गाळ कुणी काढायचा, याचं नाव कागदावरून पुसलं गेलं आणि कित्येक तलाव बुजत गेले. जिथे ढिवर समाजाच्या संस्थांनी आणि गावांनी पुन्हा ते नाव लावून घेतलं, तिथे पाणी आणि मासळी परतली.

एकट्या माणसाच्या नावावर सगळं सोडण्याचाही धोका आहे. मार्च 2024 मध्ये तो जगाने पाहिला. ‘एक्सझेड’ नावाची, फाइल्स आकसून ठेवणारी एक छोटी प्रणाली अनेक वर्षं प्रामुख्याने एकाच थकलेल्या स्वयंसेवकाच्या जिवावर चालली होती. ‘जिया तान’ या नावाने कुणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ मदत करत विश्वास मिळवला आणि तिच्यात चोरवाट घातली. डेबियनच्या अनस्टेबलवर काम करताना आंद्रेस फ्रॉइंड यांना लॉगइनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं, त्यांनी ते सोडून दिलं नाही, आणि 29 मार्चला सगळं उघड केलं. अशा धोक्याविरुद्ध डेबियनमध्ये आधीपासूनच एक खबरदारी आहे. पूर्ण सदस्य व्हायला तुमच्या डिजिटल किल्लीवर आधीच्या सदस्यांच्या सह्या लागतात, आणि त्या सहसा प्रत्यक्ष भेटून, ओळखपत्र पाहूनच मिळतात. आमच्या मुलांसाठी याचा अर्थ बाहेरगावचा प्रवास. 2010 मध्ये पुण्यात मिनी डेबकॉन्फ, म्हणजे डेबियनचं छोटं संमेलन, झाली, सप्टेंबर 2023 मध्ये मुख्य डेबकॉन्फ कोचीत झाली; असं संमेलन विदर्भात व्हावं अशी माझी मनापासून इच्छा आहे. सदस्य होईपर्यंत पॅकेज दुसऱ्या सदस्याने तपासून चढवायचं असतं, आणि ही पद्धत मला योग्य वाटते.

एक गोष्ट मात्र सलते. ट्रिक्सीमध्ये 32 बिटच्या जुन्या इंटेल यंत्रांसाठी, म्हणजे ‘आय386’साठी, इन्स्टॉलरही नाही आणि कर्नेल, म्हणजे लिनक्सचा गाभा, तोही नाही. एका शाळेच्या प्रयोगशाळेत अशीच यंत्रं निघाली. विद्यार्थी चिडले, आपल्यासारख्यांचीच यंत्रं का वगळली म्हणाले. त्यांचा राग मला समजतो. ज्यांच्याकडे नवी यंत्रं आहेत अशी माणसं निर्णय घेतात, आणि जुनी वापरणारे त्या चर्चेत जवळपास नसतात. पण दुसरी बाजूही खरी आहे. प्रत्येक प्रोसेसरसाठी 69 हजार पॅकेजेस तयार होत राहायची, बिघडली की कुणीतरी शोधायची. ते करणारे हात उरले नाहीत तर केवळ सहानुभूतीवर तो आधार टिकत नाही. त्याच आवृत्तीत ‘रिस्क-व्ही’ या नव्या प्रोसेसरला पहिल्यांदा पूर्ण मान्यता मिळाली, कारण त्यामागे माणसं उभी राहिली. शाळेची यंत्रं आम्ही डेबियन 12 वर ठेवली आहेत, आणि तिच्या नेहमीच्या दुरुस्त्या जून 2026 पर्यंत ठरलेल्या आहेत हे मुख्याध्यापकांना लिहून दिलं आहे.

आता गटाने स्वतःसाठी एक पान केलं आहे. कोणत्या शाळेतली यंत्रं कुणाकडे, मराठी इन्स्टॉलरच्या तपासणीला कोण बसणार, तक्रारींच्या उत्तरांवर लक्ष कोण ठेवणार. तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी नागपूरला नोकरीला निघाली आहे. तिने आपल्या नावापुढे ‘दत्तक हवं’ असं लिहिलं, खाली तिच्या चार तक्रारींचे क्रमांक आणि प्रत्येकीत काय बाकी आहे तेही. दोन तक्रारी पहिल्या वर्षाच्या एका मुलाने घेतल्या आहेत. उरलेल्या दोन्हींपुढची जागा अजून रिकामी आहे.